२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७ (भारतीय पद्धतीने २,१४,७४,८३,६४७) ही दहा अंकी मूळ संख्या आहे. २ चा ३१ वा घात करून त्यातून १ वजा केला असता ही संख्या मिळते. म्हणून ती २^३१ − १ अशीही लिहितात. मर्सेन मूळ संख्यांच्या मालिकेत तिचा क्रमांक आठवा आहे. ती मूळ असल्याचे लेओनार्ड ऑयलर यांनी सिद्ध केले आणि ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर दीर्घकाळ ती ज्ञात मूळ संख्यांपैकी सर्वांत मोठी मानली जात होती. संगणकशास्त्रात ३२-बिट चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच संख्या आहे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संगणकीय कालगणना, गणनयंत्रे व माहितीसाठे यांच्या संदर्भात तिला व्यावहारिक महत्त्व आले. १९ जानेवारी २०३८ रोजी उद्भवू शकणारी 'वर्ष २०३८ ची समस्या' याच मर्यादेतून निर्माण होते.

वाचन आणि लेखन

मराठीत ही संख्या 'दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस' अशी वाचतात. व्यवहारात 'दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस' असेही म्हटले जाते.

दशमान पद्धतीत या संख्येच्या अंकांत कोणतीही ठळक रचना दिसत नाही. द्विमान पद्धतीत मात्र ती ओळीने ३१ वेळा १ हा अंक लिहून मिळते. अष्टमान पद्धतीत ती १ आणि त्यापुढे दहा वेळा ७ अशी लिहिली जाते. यांतील द्विमान रूपामुळेच ती गणितात आणि संगणकात अशा दोन निरनिराळ्या वाटांनी महत्त्वाची ठरली आहे.

मर्सेन मूळ संख्या

२ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्येला मर्सेन संख्या म्हणतात. फ्रेंच धर्मोपदेशक व गणितज्ञ मारँ मर्सेन (१५८८–१६४८) यांच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली. अशी संख्या मूळ असायची, तर घातांकही मूळ असावा लागतो. पण घातांक मूळ असणे एवढेच पुरेसे नाही. उदाहरणार्थ, ११ ही मूळ संख्या आहे; परंतु २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९, म्हणजे ती संयुक्त आहे. त्यामुळे प्रत्येक घातांकाची स्वतंत्र परीक्षा करावी लागते.

पहिल्या आठ मर्सेन मूळ संख्यांचे घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि ३१ असे आहेत. १९ नंतर २३ आणि २९ हे मूळ घातांक येतात. मात्र त्यांच्यापासून मिळणाऱ्या संख्या संयुक्त आहेत:

२^२३ − १ = ८३,८८,६०७ = ४७ × १,७८,४८१

२^२९ − १ = ५३,६८,७०,९११ = २३३ × १,१०३ × २,०८९

इटालियन गणितज्ञ पिएत्रो कातालदी यांनी २^१७ − १ (१,३१,०७१) आणि २^१९ − १ (५,२४,२८७) या संख्या मूळ असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांनी वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला. मात्र २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांपासूनही मूळ संख्याच मिळतात, असे विधान त्यांनी सिद्धतेविना केले होते. त्यांपैकी २३ आणि ३७ विषयीचे विधान पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये खोडून काढले. २९ विषयीचे विधान ऑयलर यांनी चुकीचे ठरवले. चार विधानांपैकी केवळ ३१ चे विधान खरे निघाले.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी दिली, तीतही ३१ हा घातांक होता. त्या यादीतील ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ हे घातांक सुटल्याचे आढळले. तात्पर्य, ऑयलर यांच्यापूर्वी २^३१ − १ मूळ असल्याचे किमान दोन विद्वानांनी म्हटले होते. पण ते सिद्ध कोणीही केलेले नव्हते.

ऑयलर यांची सिद्धता

एखादी संख्या मूळ आहे हे दाखवण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहणे. २,१४,७४,८३,६४७ चे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या दरम्यान येते. या मर्यादेच्या आत हजारो मूळ संख्या आहेत. हाताने इतके भागाकार करणे अशक्य नसले, तरी अतिशय कष्टाचे आणि चुकीला वाव देणारे होते. ऑयलर यांनी कोणते विभाजक मुळातच संभवत नाहीत ते आधी ठरवले आणि हे काम आटोक्यात आणले. त्यांच्या युक्तिवादाचे दोन टप्पे आजच्या परिभाषेत पुढीलप्रमाणे मांडता येतात.

पहिला टप्पा: समजा, 'क' या मूळ संख्येने २^३१ − १ ला निःशेष भाग जातो. याचा अर्थ २^३१ ला क ने भागल्यास बाकी १ उरते. फर्मा यांच्या लघुप्रमेयानुसार २ च्या (क − १) व्या घाताला क ने भागल्यासही बाकी १ उरते. २ च्या ज्या लहानात लहान घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते, त्याचा घातांक ३१ चाही विभाजक असतो आणि क − १ चाही. ३१ ही मूळ संख्या असल्याने तो घातांक १ किंवा ३१ एवढाच असू शकतो. तो १ असता तर २ − १, म्हणजे १ ला क ने भाग गेला असता. हे अशक्य आहे. म्हणून तो ३१ च आहे आणि क − १ ला ३१ ने भाग जातो. शिवाय क विषम असल्याने क − १ सम आहे. अर्थात क ही संख्या ६२म + १ या स्वरूपाची असली पाहिजे (म ही नैसर्गिक संख्या).

दुसरा टप्पा: २^३१ ला क ने भागल्यास बाकी १ उरत असेल, तर २^३२ ला भागल्यास बाकी २ उरते. २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क ने भागल्यावर २ बाकी देणारी एक वर्गसंख्या अस्तित्वात आहे. ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते, त्यांच्याच बाबतीत असे घडते.

दोन्ही अटी एकत्र केल्यास क ही संख्या २४८म + १ किंवा २४८म + ६३ या दोनच स्वरूपांत बसते. ४६,३४१ पेक्षा लहान असलेल्या अशा संख्या, ६३ ही संयुक्त संख्या वगळता, एकूण ३७२ आहेत. त्यांपैकीही २४९, ४९७, ५५९ यांसारख्या अनेक संख्या संयुक्त असल्याने त्यांनी भागून पाहण्याचे कारण उरत नाही. पहिला खरा उमेदवार ३११ हा आहे:

२,१४,७४,८३,६४७ = ३११ × ६९,०५,०९२ + ३५

येथे बाकी ३५ उरते, म्हणून ३११ विभाजक नाही. याच रीतीने पुढील एकाही उमेदवाराने निःशेष भाग जात नाही. म्हणून ही संख्या मूळ आहे.

हा निष्कर्ष ऑयलर यांनी बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात कळवला. त्या पत्राचा सारांश बर्लिन अकादमीच्या १७७२ च्या प्रकाशनात छापला गेला. त्या काळात ऑयलर सेंट पीटर्सबर्ग येथे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती.

परिपूर्ण संख्येशी संबंध

ज्या संख्येच्या, ती स्वतः वगळून, सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ = १ + २ + ३ हे तिचे सर्वांत लहान उदाहरण आहे. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक सम परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिड यांनी दाखवले होते. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच पद्धतीने मिळते, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. २^३१ − १ पासून मिळणारी आठवी परिपूर्ण संख्या अशी आहे:

२^३० × (२^३१ − १) = २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८

१ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या सर्व नैसर्गिक संख्यांची बेरीजही हीच येते.

इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संख्या सिद्धांतावरील ग्रंथात या एकोणीस अंकी परिपूर्ण संख्येचा उल्लेख केला आहे. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाईल असे त्यांना वाटत नव्हते. कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, म्हणून त्यासाठी कोणी श्रम घेणार नाही, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क दोन्ही बाजूंनी चुकीचा ठरला. शोध थांबला नाही आणि ज्या मूळ संख्येवर ती परिपूर्ण संख्या आधारलेली आहे, ती पुढे संगणकात सर्वत्र वापरली जाणारी संख्या झाली.

नंतरचे संशोधन

१८६७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फॉर्च्युने लाँद्री यांनी २^५९ − १ चे अवयव पाडून ३२,०३,४३,१७,८०,३३७ ही अधिक मोठी मूळ संख्या मिळवली. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. ल्युका यांच्या पद्धतीत विभाजक शोधावे लागत नाहीत. डेरिक लेमर यांनी विसाव्या शतकात तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ती ल्युका–लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते.

या कसोटीत ४ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी आलेल्या संख्येचा वर्ग करतात, त्यातून २ वजा करतात आणि संबंधित मर्सेन संख्येने भागून बाकी घेतात. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तर ती मर्सेन संख्या मूळ ठरते. उदाहरणार्थ, २^५ − १ = ३१ साठी तीन पायऱ्या लागतात: ४ पासून १४; १४ पासून १९४, म्हणजे बाकी ८; आणि ८ पासून ६२, म्हणजे बाकी ०. २^३१ − १ साठी अशा केवळ २९ पायऱ्या पुरतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही मर्सेन मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

इतर गणिती गुणधर्म

• मूळ संख्यांच्या चढत्या क्रमात या संख्येचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा आहे. तिच्या लगतची आधीची मूळ संख्या २,१४,७४,८३,६२९ आणि पुढची २,१४,७४,८३,६५९ आहे.

• ३१ हा घातांक स्वतः मर्सेन मूळ संख्या आहे (३१ = २^५ − १). म्हणून २^३१ − १ ला दुहेरी मर्सेन संख्या म्हणतात. ७, १२७, २,१४,७४,८३,६४७ आणि २^१२७ − १ या चारच दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर ज्ञात आहेत.

• हीच साखळी पुढे नेऊन २,१४,७४,८३,६४७ हा घातांक घेतल्यास ६४ कोटींहून अधिक अंकांची संख्या मिळते. ती मात्र मूळ नाही. २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ हा तिचा एक विभाजक आहे.

• या संख्येला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. म्हणून ती दोन वर्गसंख्यांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येत नाही.

• तिच्यातून १ वजा केल्यास मिळणाऱ्या संख्येचे अवयव लहान आहेत: २,१४,७४,८३,६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

यादृच्छिक संख्यांची निर्मिती

सांख्यिकीय प्रयोगांसाठी संगणकाला यादृच्छिक भासणाऱ्या संख्यांची मालिका तयार करावी लागते. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जाची म्हणून जी पद्धत सुचवली, तिच्यात आधीच्या संख्येला १६,८०७ (७ चा पाचवा घात) ने गुणून २,१४,७४,८३,६४७ ने भागतात आणि उरलेली बाकी ही मालिकेतील पुढची संख्या मानतात. भाजक मूळ असल्यामुळे बाकी कधीही शून्य होत नाही. गुणकाची निवडही अशी आहे की १ ते २,१४,७४,८३,६४६ या सर्व संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय मालिकेची पुनरावृत्ती होत नाही. गुप्ततेच्या कामासाठी मात्र ही पद्धत सुरक्षित नाही. कारण एक संख्या कळली की पुढची सहज काढता येते.

संगणकातील कमाल मर्यादा

संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो. एका संख्येसाठी ३२ बिट राखून ठेवल्यास ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या मांडण्या शक्य होतात. ऋण आणि धन अशा दोन्ही प्रकारच्या संख्या लिहायच्या असल्यास रूढ पद्धतीत निम्म्या मांडण्या ऋण संख्यांसाठी आणि निम्म्या शून्य व धन संख्यांसाठी वापरल्या जातात. त्यामुळे −२,१४,७४,८३,६४८ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या संख्या लिहिता येतात. पहिला बिट चिन्हासाठी खर्च होतो आणि उरलेले ३१ बिट १ असले की ही कमाल संख्या तयार होते.

या कमाल संख्येत १ मिळवल्यास हातचा चिन्हाच्या बिटवर जातो आणि उत्तर अनेक प्रणालींत −२,१४,७४,८३,६४८ असे येते. याला पूर्णांकाचे अधिवहन म्हणतात. वाहनाच्या अंतरमापकात ९९,९९९ नंतर पुन्हा शून्ये दिसावीत, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे मापक शून्यावर न जाता सर्वांत मोठ्या ऋण संख्येवर जातो.

ही मर्यादा ठरण्याशी संख्येच्या मूळ असण्याचा संबंध नाही. ३२ हा बिटांचा सोयीचा आकडा असणे आणि ३१ हा घातांक मर्सेन मूळ संख्या देणारा असणे, हा योगायोग आहे.

वर्ष २०३८ ची समस्या

युनिक्स आणि तिच्यापासून विकसित झालेल्या संगणक प्रणालींत वेळ ही १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (जागतिक प्रमाणवेळ) लोटलेल्या सेकंदांच्या संख्येने मोजतात. या गणनेत प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा धरला जातो. जुन्या प्रणालींत ही संख्या ३२-बिट चिन्हयुक्त पूर्णांकात साठवली जात असे. तिची मर्यादा केव्हा गाठली जाईल, हे साध्या भागाकाराने काढता येते:

२,१४,७४,८३,६४७ = २४,८५५ × ८६,४०० + ११,६४७

१ जानेवारी १९७० नंतर २४,८५५ दिवसांनी १९ जानेवारी २०३८ ही तारीख येते आणि ११,६४७ सेकंद म्हणजे ३ तास १४ मिनिटे ७ सेकंद होतात. त्या मंगळवारी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला दुरुस्ती न झालेली प्रणाली १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू शकते.

समस्येचे परिणाम २०३८ पर्यंत थांबतीलच असे नाही. दीर्घ मुदतीची कर्जे, विमा, निवृत्तिवेतन यांच्या हिशेबांत वीस–तीस वर्षांपुढच्या तारखा आजच वापराव्या लागतात. तेथे ही मर्यादा आधीच आड येते. एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षे न बदलल्या जाणाऱ्या यंत्रांतील लहान संगणकांची दुरुस्ती हा या समस्येचा अधिक कठीण भाग मानला जातो, कारण त्यांतील आज्ञावली बदलणे नेहमीच सोपे नसते.

वेळेसाठी ६४-बिट पूर्णांक वापरणे हा यावरील मुख्य उपाय आहे. त्याची कमाल मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ असून तेवढे सेकंद सुमारे २९२ अब्ज वर्षांना पुरतात. ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ मध्ये सर्व यंत्रप्रकारांसाठी ६४-बिट वेळ स्वीकारली. लिनक्सच्या २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांनाही ६४-बिट वेळ वापरण्याची सोय झाली. तथापि प्रणाली बदलली, तरी तिच्यावर चालणारे कार्यक्रम आणि जुन्या स्वरूपातील माहितीसाठे स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

मर्यादा गाठल्याची इतर उदाहरणे

डिसेंबर २०१४ मध्ये दक्षिण कोरियाचा गायक साय याच्या 'गंगनम स्टाइल' या गाण्याच्या चित्रफितीची यूट्यूबवरील प्रेक्षकसंख्या या मर्यादेपर्यंत पोहोचली आणि कंपनीने आपला गणक ६४-बिट केल्याचे जाहीर झाले.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसंबंधी एक सुरक्षा आदेश काढला. या विमानांची वीजनिर्मिती नियंत्रण यंत्रे सलग २४८ दिवस चालू राहिल्यास त्यांच्या आज्ञावलीतील एक गणक मर्यादेबाहेर जाऊन सर्व यंत्रे एकाच वेळी बंद होऊ शकतात, असे त्यात म्हटले होते. ठरावीक काळाने विमानाचा वीजपुरवठा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, असा उपाय त्यात सांगितला होता. २,१४,७४,८३,६४७ शतांश सेकंद म्हणजे सुमारे २४८.५५ दिवस होतात. त्यावरून हा गणक ३२-बिट असून शतांश सेकंद मोजत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

अशा प्रसंगांत हिशेबाची चूक होत नाही. प्रत्येक बेरीज यंत्राच्या नियमाप्रमाणेच होते. आज्ञावली लिहिताना पुरेशी वाटलेली जागा प्रत्यक्ष वापरात अपुरी पडते, हे त्यांचे समान कारण आहे. म्हणून नव्या आज्ञावलीत एखाद्या गणकासाठी ३२-बिट पूर्णांक निवडताना तो गणक किती वेगाने वाढेल आणि किती काळ चालू राहील, याचा अंदाज आधी घेतला जातो. सेकंद मोजणारा गणक ६८ वर्षांनी आणि शतांश सेकंद मोजणारा गणक आठ महिन्यांहून थोड्या अधिक काळात याच एका संख्येपाशी येऊन थांबतो.